खातरजमा केली म्हणजे नेमके काय केले?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

टीव्हीवर चुकीची बातमी गेली की वाहिनीचे उत्तर ठरलेले असते: ‘आमच्या सूत्रांनी दुजोरा दिला होता.’ बऱ्याचदा ते खरेही असते, आणि काळजी वाटते ती त्याचीच. दुजोरा मिळूनही बातमी खोटी निघते, तेव्हा दुजोरा कुणाकडे आणि कसला मागितला, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीचे जुने प्रकरण यासाठी पुन्हा वाचावे. ८ सप्टेंबर २००४ रोजी, अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना, ‘सिक्स्टी मिनिट्स वेन्सडे’ या कार्यक्रमात वृत्तनिवेदक डॅन रादर यांनी तेव्हाचे अध्यक्ष आणि उमेदवार जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्डमधील (राखीव सैन्यातील) सेवेविषयीची, त्यांनी कसूर केली असे सुचवणारी, काही टिपणे दाखवली. टिपणे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची म्हणून दिलेली; ज्यांच्या नावावर होती ते अधिकारी १९८४ सालीच वारलेले. वाहिनीच्या हाती मूळ कागद एकही नव्हता, सगळ्या छायाप्रती. ज्या तज्ज्ञांना त्या दाखवल्या, त्यांतल्या काहींनी प्रसारणाआधीच शंका काढल्या होत्या. कार्यक्रमात त्या शंकांना जागा मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी लोक विचारू लागले, ही अक्षरे त्या काळच्या टंकलेखन यंत्राची की संगणकाची? तरीही वाहिनी जवळजवळ दोन आठवडे अडून बसली. २० सप्टेंबरला तिने मान्य केले, की हे कागद अस्सल आहेत असे आपण सिद्ध करू शकत नाही. ते देणाऱ्या माणसाने ‘मला अमक्याकडून मिळाले’ असे सांगितले होते, तेही खोटे निघाले. त्या ‘अमक्या’कडून खात्री करून घेतलीच गेली नव्हती.

पुढे वाहिनीने नेमलेल्या चौकशी समितीनेही कागद बनावटच आहेत असा ठाम निष्कर्ष काढला नाही. काहींना त्यात वाहिनीची सुटका दिसते, मला दिसत नाही. कागद खोटे आहेत हे दाखवण्याचे काम प्रेक्षकांचे नव्हतेच. ते खरे आहेत हे आधी तपासण्याचे काम वाहिनीचे होते. सूत्राचे नाव प्रेक्षकांपासून लपवावे, कित्येकदा लपवायलाच हवे. पण सूत्राला ही माहिती कुठून मिळाली, हे संपादकालाही ठाऊक नसेल तर तो कशाच्या जोरावर बातमी सोडतो?

दोन उदाहरणे थोडक्यात. २०१२ साली बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ने एका ज्येष्ठ राजकारण्यावर, नाव न घेता, बाललैंगिक अत्याचाराचा आरोप दाखवला. आरोप करणाऱ्याला त्या राजकारण्याचे छायाचित्र आधी दाखवलेच नव्हते. आठवडाभराने त्याने ते पाहिले आणि हा माणूस तो नव्हे, असे सांगितले. बीबीसीच्या महासंचालकांना पद सोडावे लागले. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोतील विमान अपघातानंतर केटीव्हीयू वाहिनीने वैमानिकांची म्हणून चार बनावट नावे वाचून दाखवली. आधी एकदा मोठ्याने म्हटली असती तर ती इंग्रजीतली थट्टेची वाक्ये आहेत हे तिथेच कळले असते! आणि इथे तर सरकारी तपास यंत्रणेकडून दुजोराही होता, तो दिला होता तिथल्या एका प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याने.

तिन्ही ठिकाणी काही ना काही तपासले गेले होते, पण जे तपासायला हवे होते ते राहिले. म्हणून ‘आम्ही खातरजमा केली’ एवढ्यावर मी आता समाधान मानत नाही. मूळ कागद पाहिला की प्रत, दुसऱ्या व्यक्तीला स्वतंत्रपणे विचारले की एकाच माणसाचे म्हणणे दोघांच्या तोंडून ऐकले, ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलायला वेळ दिला का, हे बातमीसोबतच सांगावे. काही तपासता आले नसेल तर तेही. पडद्याखालच्या पट्टीत त्याला जागा नाही, हे कारण पटणारे नाही. नको त्या गोष्टींना तिथे भरपूर जागा असते.

एक विचारणा आपल्याकडेही. ‘अमुक वाहिनीच्या वृत्तानुसार’ अशी बातमी वृत्तपत्रेही छापतात. अशी बातमी घेण्याआधी आपले वार्ताहर मूळ सूत्रापर्यंत जातात, की वाहिनीवर आली एवढेच पुरते? आपली पद्धत काय आहे, हे याच सदरात एकदा छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक