शेवटचा धावपटू येईपर्यंत टेबल उचलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या 21 किलोमीटर शर्यतीची बातमी आपल्या अंकात वाचली. भर पावसात फीत तोडणाऱ्या विजेत्याचे छायाचित्र सुंदर आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. मी त्याच्यानंतर जवळजवळ दोन तासांनी पोहोचले. तोवर कमान उतरवली होती. मधल्या दोन तासांत त्याच रस्त्यावर काय घडले ते बातमीत नव्हते, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे, वय 61. गेली नऊ वर्षे धावते आहे आणि ही माझी अकरावी हाफ मॅरेथॉन. पहाटे निघाले तेव्हाच पाऊस ओतत होता. शर्यत होणार की पुढे ढकलणार, हे स्टार्ट लाइनवर उभे राहिल्यावरही कोणाला सांगता येईना. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोके आणि हात जातील एवढी तीन भोके पाडून मी ती अंगात घातली होती.

पहिले दहा किलोमीटर खरोखर आनंदाचे गेले. बूट एकदा भिजल्यावर डबकी चुकवायचे कारणच उरले नाही. आम्ही पाच-सहा अनोळखी माणसे एकापाठोपाठ एक अशी रांग धरून धावत होतो. पुढचा दमला की मागचा न सांगता पुढे येई. माझ्यासाठी शर्यत म्हणजे हेच, आणि त्यासाठी मी पुन्हा पावसात उभी राहीन.

वळसा घेतला आणि वारा समोरून आला. पाऊस आडवा लागू लागला, रांग पांगली, बोटे बधिर झाली. पंधराव्या किलोमीटरचे पाण्याचे टेबल उचलून नेले होते. रस्त्याला चिकटलेले कागदी पेले दिसले, म्हणून कळले की ते इथे होते.

सतराव्या किलोमीटरजवळ एक तरुण मुलगा दुभाजकाला धरून उभा होता. बारीक अंगाचा, नुसत्या बनियनवर. त्याला जॅकेटची चेन लावायची होती, पण जॅकेट त्याच्या अंगात नव्हतेच. "मी ठीक आहे काकू," तो म्हणाला, पण जीभ जड झाली होती. मी त्याला बिब नंबर विचारला. तो छातीवरच्या कागदाकडे बघत राहिला आणि त्याला तो वाचता येईना.

मी वर्गात उष्णतेचे वहन अनेक वर्षे शिकवले. पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले. त्याचा खरा अर्थ मला त्या मुलाचा हात धरल्यावर कळला. शरीराचे आतले तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. बोटांना बारीक कामे जमत नाहीत, बोलणे अडखळते, आणि आपल्याला काही होते आहे हेही उमगत नाही. पुढे तर कापरेही थांबते. ते थांबले म्हणजे बरे वाटू लागले असे समजणे जिवावर बेतू शकते.

पिशवी काढून त्याला घातली आणि एका इमारतीच्या जिन्याखाली बसवले. बिबवरचा आपत्कालीन क्रमांक लावायला गेले, तर ओल्या पडद्यावर ओल्या बोटांची नोंदच होईना. तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला आणि वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुढच्या चौकात एक कॉलेजातली मुलगी मार्शल म्हणून उभी होती, हातात उलटी झालेली छत्री. तिला तासाभरापूर्वीच निघायला सांगितले होते, पण माणसे अजून येताना दिसत होती म्हणून ती थांबली होती. ती धावत आली, मुलाची अवस्था पाहिली, गळ्यातली शिट्टी मला दिली, "वाजवत राहा" म्हणाली आणि स्वतः गाडी अडवायला रस्त्यावर गेली. पाचव्या गाडीने थांबून हीटर लावला आणि त्याला शेवटच्या ठिकाणच्या रुग्णवाहिकेपर्यंत नेले. तो आता घरी आहे, बरा आहे.

आयोजकांना माझे एवढेच सांगणे आहे, की खराब हवेत सर्वांत जास्त धोका मागच्यांना असतो आणि मदत मात्र मागूनच आधी आवरली जाते. एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते आणि तिचा बराचसा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ताशी 14 किलोमीटरने धावणारा ताशी 7 ने जाणाऱ्याच्या जवळपास दुप्पट ऊब दर तासाला तयार करतो, शिवाय पावसात निम्माच वेळ असतो. थकून चालू लागलेल्याची ऊब तर झपाट्याने कमी होते. ज्याला कोरडे कापड आणि गरम पेय सर्वाधिक लागते, नेमका तोच रिकाम्या टेबलापाशी पोहोचतो.

22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि वाऱ्याने 21 धावपटू दगावले. त्यांत सराईत, नावाजलेले धावपटूही होते. एका मेंढपाळाने आपल्या गुहेत आसरा दिल्यामुळे सहा जण वाचले. तो डोंगर होता, आपला डांबरी रस्ता आहे, हे मला मान्य आहे. पण आडोसा, ऊब आणि थांबलेले एक माणूस, रस्त्यावरही याच गोष्टी लागतात. 2018 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये गारठवणाऱ्या पावसात अनेक नामवंतांनी शर्यत सोडली. अमेरिकेची धावपटू डेझिरी लिंडेन प्रसाधनगृहात गेलेल्या सहधावपटू शालेन फ्लॅनगनसाठी वाटेत थांबली, आणि पुढे महिलांची शर्यतही तिनेच जिंकली.

म्हणून विनंती: शर्यत कधी रद्द होईल याचा नियम नोंदणीच्या वेळीच छापा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज साधारण 16 किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे कोणाला रस्त्यावर सोडू नका. चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ चादरी पदकांसोबत शेवटी न वाटता निम्म्या वाटेवरही ठेवा. आपत्कालीन फोनपाशी बसणाऱ्याला दुसरे काम देऊ नका. आणि शेवटच्या धावपटूमागे एक गाडी येऊ द्या. ती पुढे सरकल्याशिवाय एकही टेबल उचलू नका. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत.

चौकातल्या त्या मुलीचे नाव विचारायचे राहून गेले. तिची शिट्टी माझ्याकडेच राहिली आहे. तिने हे पत्र वाचले तर आपल्या कार्यालयात कळवावे. मी ती स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका