रविवारच्या बैठकीची आठवण: अमेरिकेतली गोमांस गुणवत्ता योजना आणि तिचा पैसा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी रात्री ८ वाजता आपल्या पशुवैद्यक गटाची ऑनलाइन बैठक आहे. मागच्या वेळी निम्मी मंडळी ‘विषय आधी कळला नाही’ म्हणाली, म्हणून यंदा आधीच सांगून ठेवतो: विषय आहे अमेरिकेतली गोमांस गुणवत्ता योजना, म्हणजे पशुपालकांना चांगल्या मांसासाठी जनावरं कशी हाताळावीत हे शिकवणारा कार्यक्रम.

अशी योजना चालवायला पैसा कुठून येतो, हा मुख्य प्रश्न. १९८५च्या कायद्यानुसार तिथे जनावर विकलं गेलं की दर विक्रीला डोक्यामागे १ डॉलर कापला जातो. आयात मालालाही त्याच हिशोबाने आकारणी. १९८८ साली पशुपालकांनी मतदान करून ती मान्य केली. कपातीतला निम्मा वाटा राज्याच्या मंडळाकडे राहू शकतो. याच पैशातून गुणवत्तेचं प्रशिक्षण चालतं. ते ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं.

गोमांसाच्या गुणवत्तेच्या १९९१च्या पहिल्या देशव्यापी पाहणीचा भाग मात्र नीट वाचून या. पुठ्ठ्यात, म्हणजे जनावराच्या मागच्या मांसल भागात, दिलेल्या इंजेक्शनमुळे महागड्या मांसात गाठी आणि व्रण सापडत होते. म्हणून सुई मानेत, शक्यतो कातडीखाली, असा नियम पुढे रुजवला. (आपण अजून सवयीने पुठ्ठाच गाठतो, हे खासगीत कबूल करायला हरकत नाही.)

शेळीपालन किंवा म्हशींच्या मांसासाठी आपल्याकडे अशी कपात कुणी, कुठे करावी? बाजार समितीत की कत्तलखान्यात? मला दुसरं सोपं वाटतं. विरोध असणाऱ्यांनी मुद्दे लिहून आणावेत.

लिंक शनिवारी टाकतो. माइक बंद ठेवून या.

– गटसचिव