त्या मुलीच्या आईवर राग धरू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "यापुढे कुणाचं पोर माझ्यासमोर रडत बसलं तरी मी ढुंकून बघणार नाही." मी गप्प बसलो. तू चिडलेला असलास की माझं बोलणं तुला भाषण वाटतं. (असतंही ते.) म्हणून लिहितोय.

तू काही वाईट केलं नाहीस, हे आधी सांगून टाकतो. बागेतल्या दोरीच्या शिडीवर मुलगी अडकली, रडायला लागली, तू तिला उचलून खाली ठेवलंस. तेवढ्यात तिची आई धावत आली आणि "हात कशाला लावलास?" म्हणून चारचौघांत ओरडली. तुझ्या जागी मी असतो तर मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण तूच म्हणालास की मुलगी घट्ट धरून बसली होती, पडत नव्हती. मग घाई कशाची होती? तू खाली हात पसरून उभा राहायचंस. मोठ्यानं विचारायचंस, "ही कुणाची मुलगी आहे?" आणि तिला सांगायचंस, "डावा पाय खाली सोड, अजून थोडा, हां, आता टेकव." वर चढलेल्या मुलांना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, एवढीच बहुतेक वेळा अडचण असते. ती आपली आपण उतरली असती आणि वर फुशारकीही मारली असती.

आधी आवाज, मग आजूबाजूची माणसं, हात सगळ्यांत शेवटी. हा क्रम मी स्वतः खूप उशिरा शिकलो.

क्रम मोडायच्याही वेळा असतात. पोर रस्त्यावर धावलं तर आधी दंड धर, माफी नंतर माग. पाण्यात बुडणारं मूल हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वरखाली होत असताना श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? लांबून ते खेळतंय असंच वाटतं आणि एखाद्या मिनिटात सगळं संपतं. उन्हात बंद उभ्या गाडीत एकटं मूल दिसलं, तर "येतील आईबाप" म्हणून पुढे जाऊ नकोस. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान साधारण दहा अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगानं तापतं. अशा वेळी कोण काय म्हणेल याचा विचार करायचा नाही.

तुझी दुसरी तक्रार होती की बागेत इतके लोक होते, तरी उठला कुणीच नाही. त्याचं मला नवल वाटत नाही. जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून बोलायला लावलं आणि मध्येच एकाला फिटचा झटका आल्याचे आवाज ऐकवले. हे फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के वेळेत मदतीला बाहेर आले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. ती माणसं दगडाच्या काळजाची नव्हती. जो तो दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघत होता. म्हणून "कुणीतरी या" असं कधी म्हणू नये. "निळ्या साडीतल्या ताई, जरा इकडे येता का?" असं म्हणावं. ताई येतात. शिवाय साक्षीदार होतो, आणि तुझ्या वयाच्या मुलाला तो लागतो. हे अन्यायाचं आहे, मान्य.

तिच्या आईबद्दल. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीतलीच निघतात, घरात ऊठबस असलेली. हे तिला माहीत असेलही. पण त्या क्षणी तिला काय दिसलं? आपल्या मुलीच्या अंगावर एका परक्या पुरुषाचे हात. तुझा स्वभाव तिला कुठून दिसणार? आणि "मुलं पळवणारी टोळी आली" असल्या अफवांवरून जमावानं निरपराध माणसांना जिवे मारलंय, हेही विसरू नकोस. एकटं मूल घेऊन कुठेही चालू लागायचं नाही, आडोशाला तर नाहीच, ते मला त्यासाठीच सांगायचं आहे. हरवलेलं मूल जिथं सापडलं तिथंच थांबव. आईबाप शोधत शोधत तिथंच परत येतात. त्याचा फोटो काढून जगभर पाठवू नकोस.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट. तू चार वर्षांचा असताना स्टेशनवर माझा हात सुटून हरवला होतास. वीसेक मिनिटं. आईला मी कायम "पाच मिनिटं" असं सांगत आलोय, ते तसंच राहू दे. मी धावत परत आलो तेव्हा तू बाकावर बसला होतास. तुझ्यापासून दोन हात लांब एक माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि पलीकडे एक हमाल उभा होता. मी तुला ओढणार, तेवढ्यात तो बसलेला माणूस मध्ये आला. "थांबा. याच्या खिशात काय आहे, सांगा."

माझंच पोर, आणि हा मला परीक्षा विचारतोय! मी नाही नाही ते बोललो त्याला. उत्तर मात्र देता आलं नाही. रडून रडून तुझा आवाज बसला होता, तुझ्याही तोंडून शब्द फुटेना. शेवटी तू "बाबा" म्हणून माझ्या पायाला मिठी मारलीस तेव्हा तो बाजूला झाला. चिडला नाही. हमालाला काहीतरी म्हणाला, पिशवी उचलली आणि गेला. मी आभारसुद्धा मानले नाहीत; उलट कित्येक वर्षं त्या माणसाचा राग धरून होतो. काल तू फोन ठेवलास आणि तो एकदम आठवला.

बाटलीची दोन झाकणं होती तुझ्या खिशात. घरी आल्यावर बघितली.

तुझा,
बाबा