बाबा, रविवारी फोनवर या

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. आमच्या संघाच्या इथल्या प्रांताच्या प्रमुखांना, प्रोव्हिन्शिअल फादरांना, मी होकार कळवला आहे. जूनमध्ये केनियाला, काकुमाच्या निर्वासित छावणीत जातोय. दोनच वर्षं. बाबांचा उजवा हात अजून नीट उचलत नाही, आणि मी तुम्हाला न विचारता ठरवलं. रात्री दिवा मालवला की हेच टोचत राहतं.

मला कुणी पाठवत नाहीये, मीच मागून घेतलं. फादर पेद्रो आरुपेंबद्दल मी मागे सांगितलं होतं ना? मॅद्रिदमधलं डॉक्टरकीचं शिक्षण सोडून १९२७ साली येशूसंघात, म्हणजे आमच्या जेझुइट धर्मगुरूंच्या संघात, आलेले. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते शहराबाहेरच्या नॉव्हिशिएटमध्ये, संघात नव्याने आलेल्यांच्या प्रशिक्षणगृहात, होते. त्या घराचंच त्यांनी इस्पितळ केलं. सुमारे दीडशे जखमी, आणि हाताशी एका शेतकऱ्याने आणून दिलेली बोरिक अ‍ॅसिडची गोणी. १९६५ मध्ये ते सबंध येशूसंघाचे जनरल, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, झाले. व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळणाऱ्या माणसांचे हाल कळले तेव्हा १९७९ च्या नाताळात त्यांनी ठिकठिकाणच्या प्रोव्हिन्शिअलना तारा केल्या, मदतीला या म्हणून. त्यातून १९८० मध्ये जी निर्वासित सेवा उभी राहिली, तिच्याचकडे मी जातोय.

आरुपेंनी घर सोडलं तेव्हा त्यांचे आई-वडील हयात नव्हते. मला तुम्ही आहात, म्हणून मला जास्त जड जातंय.

आई, काळजी करू नकोस. खोली आहे, मच्छरदाणी आहे, लस टोचून घेतली. ऊन कडक, पण आपल्यासारखी चिकचिक नाही. मक्याच्या पिठाचा उगाली असतो, डाळ-भातही मिळतो.

बाबा, आता तुमच्याशी. ७ ऑगस्ट १९८१ ला प्रवासातून परतताना रोमच्या विमानतळावर आरुपेंना झटका आला. उजवी बाजू गेली. इतक्या भाषा बोलणारा माणूस, पण शब्द अडायला लागले. १९८३ मध्ये पद सोडताना त्यांचं मनोगत दुसऱ्याने वाचून दाखवलं, ते समोर बसून होते. पुढे सात-आठ वर्षं ते तसेच जगले. माणसं त्यांना भेटायला जातच राहिली. अडखळतं बोलणं ऐकायला कुणाला कंटाळा आला नाही, बाबा. मग तुम्ही माझ्या फोनपासून का पळता? पहाटेच्या गाडीने दादरला फुलं न्यायचात, मी पाटीला टेकून झोपायचो आणि तुम्ही नायगावपासून माझ्या डोक्याखाली हात धरून उभे असायचात. अवघडून जायचा, तरी काढायचा नाहीत.

व्यायाम चुकवायचा नाही. सुके बोंबील, पापड, लोणचं बंद. आई, गुडघे धरलेत तर स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मार. बीपीची गोळी संपायच्या आधी आणायची, संपल्यावर नाही.

दर रविवारी तुमचे साडेसात वाजतील तेव्हा माझे पाच. फोन बाबांच्या खुर्चीपाशी ठेव, आई, आणि त्यांच्या वतीने तू बोलू नकोस. बाबा, माझं नाव घ्यायला लागेल तेवढा वेळ घ्या. मी फोन ठेवणार नाही.

तुमचा,
बाळा