थॅलेसेमिया : सदोष साखळी बनतेच असे नाही

महोदय,
थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारावरील आपला लेख (रविवार पुरवणी) उपयुक्त आहे. पण जनुक बिघडले की सदोष हिमोग्लोबिन तयार होते, हे त्यातील विधान सरसकट खरे नाही. बीटा थॅलेसेमियात (यात हिमोग्लोबिनमधील बीटा ग्लोबिन या प्रथिन साखळीचे जनुक बिघडलेले असते) अनेकदा सदोष साखळी जवळपास बनतच नाही, कारण तिचा संदेशवाहक आरएनए (जनुकातील संकेताची प्रत) पेशी स्वतःच नष्ट करते.

भूमध्य सागरी देशांत सर्रास आढळणारे 39व्या कोडॉनचे (तीन अक्षरी संकेताचे) उत्परिवर्तन घ्या. त्यामुळे ‘थांबा’चा संकेत अवेळी येतो. एक्झॉन (जनुकाचे आरएनएत टिकणारे तुकडे) जोडले जातात तिथे आरएनएवर प्रथिनांचा गट बसतो आणि प्रथिन बनवणारा रायबोसोम पुढे सरकताना तो झटकून टाकतो. थांबा शेवटच्या सांध्याच्या 50-55 न्यूक्लिओटाइडहून (आरएनएच्या अक्षरांहून) अधिक आधी आला, तर तो गट तसाच राहतो आणि यूपीएफ1 प्रथिनाच्या मदतीने आरएनएचा फडशा पडतो. अर्धवट साखळ्या साठत नाहीत. म्हणून जनुकाची एकच प्रत सदोष असलेला वाहक बहुधा ठणठणीत असतो.

बीटा ग्लोबिनला तीनच एक्झॉन. थांबा तिसऱ्यात आला तर पुढे सांधाच नसतो. आरएनए वाचतो, अस्थिर साखळ्यांचे गोळे रक्तपेशींच्या पूर्वपेशींत साचतात आणि एकच प्रत सदोष असूनही रक्तक्षय होऊ शकतो. ‘दोघेही वाहक असतील तरच धोका’ हा नियम इथे लागू पडत नाही. पालकांपैकी एकालाच असा त्रास असेल, तर एचबीए2 (वाहक ओळखण्यासाठी मोजला जाणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) ची टक्केवारी पाहून थांबू नये. डीएनए तपासणीत उत्परिवर्तन कोणत्या एक्झॉनमध्ये आहे, हे समुपदेशकाने विचारावे.

– एक वाचक, पुणे