शर्यत दिसली, चौक राहिला

संपादक महोदय, स. न.

रविवारच्या पुरवणीतला इटलीतल्या सिएना शहराच्या 'पालिओ'वरचा लेख वाचला. २ जुलै आणि १६ ऑगस्टला होणाऱ्या या घोड्यांच्या शर्यतीचे वर्णन झकास उतरले आहे. पण शर्यत जिथे होते त्या पियाझ्झा देल कांपोची बोळवण 'शिंपल्याच्या आकाराचा चौक' एवढ्यावरच झाली, याची रुखरुख लागली.

पाणीपुरवठा खात्यात माझी हयात गेली. त्यामुळे तिथे गेलो तेव्हा उंच मनोऱ्याआधी नजर गेली ती जमिनीकडे. कडेवर उभ्या, मासळीच्या काट्यासारख्या बसवलेल्या लाल विटा आणि त्यांचे नऊ भाग पाडणारे पांढरट दगडाचे पट्टे. हा चौक घडला त्या काळी सिएनाचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाहत असे, त्याची ही खूण मानतात. मी एका पट्ट्याच्या कडेने उतरत गेलो, तर नगरभवनासमोर, सगळ्यात सखल जागी, पावसाच्या पाण्याची मोरी लागली. एवढ्या मोठ्या चौकाचा उतार तिथे आणून सोडला आहे!

पिण्याच्या पाण्यासाठी तर या लोकांनी कमालच केली. शहर टेकड्यांवर, जवळ मोठी नदी नाही. जमिनीखाली बोगदे खोदत गेले. आज त्यांची लांबी सुमारे २५ किलोमीटर भरते. पंप नाही, काही नाही, सगळा खेळ उताराचा. १३४२ साली पाणी चौकात पोचले. लोकांना झालेल्या आनंदावरून तिथल्या कारंज्याला 'फोंते गाया', म्हणजे आनंदाचे कारंजे, हे नाव पडले असे सांगतात.

भोवतीच्या घरांची शिस्तही आपोआप आलेली नाही. चौकाकडच्या खिडक्यांना बारीक खांब हवेत आणि सज्जे काढायचे नाहीत, असा नियम १२९७ सालीच झाला होता. नगरभवनाचे काम सुरू झाले तेही त्याच सुमारास.

१३४८ साली प्लेगने सिएना उजाड केले. चौकाची फरसबंदी पुरी झाली १३४९ मध्ये. शेवटच्या विटा बसवणाऱ्या गवंड्यांच्या घरातलेही कुणी ना कुणी गेलेले असणार. पुढच्या जुलैत शर्यतीबरोबर या कारागिरांच्या कामासाठीही पुरवणीचे एक पान द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सातारा