‘बहात्तर तासां’च्या गोळीनंतर काय?

मा. संपादक,

ठाणे-नवी मुंबईत मेडिकलवाल्याकडे आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. तशी मिळायलाच हवी. पण पुढचं कुणी सांगत नाही. हे काम फॅमिली डॉक्टरचं आहे आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ असावं लागत नाही.

१.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही गोळी स्त्रीबीज सुटणं लांबवते. म्हणून ७२ तासांची मुदत असली तरी तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बीज आधीच सुटलेलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. रुजलेला गर्भ ती पाडत नाही. दोन तासांत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी. खरी फसगत होते ती पुढच्या आठवड्यात. बीज टळलेलं नसतं, फक्त लांबलेलं असतं. चार दिवसांनी निरोध न वापरता संबंध आला की दिवस राहू शकतात, आणि दोष मात्र पहिल्या गोळीला दिला जातो.

त्यामुळे नियमित साधनाचं त्याच भेटीत ठरवावं. रक्तदाब मोजावा आणि चार गोष्टी विचाराव्यात: पस्तिशीपुढे धूम्रपान, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, पूर्वी रक्ताची गुठळी किंवा स्तनाचा कॅन्सर, अंगावर पिणारं सहा महिन्यांखालचं बाळ. यातलं काही नसेल आणि रक्तदाब १४०/९० च्या आत असेल, तर माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी लगेच सुरू करता येते. पहिले सात दिवस निरोध हवाच. आतून तपासणी लागत नाही. पाळी आठवडाभर लांबली किंवा संबंधाला २१ दिवस झाले की लघवीची तपासणी करावी. संबंधानंतर पाच दिवसांत बसवलेली कॉपर टी सगळ्यांत खात्रीची, आणि पुढची काही वर्षं तीच साधन म्हणून राहते.

माला-एन चालत नसेल तर हॉर्मोन नसलेली छाया ही गोळी आहे: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. त्यानं पाळी अनियमित होते, कधी बंदही होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि दुसऱ्या इंजेक्शनला फिरकतच नाही.

चालू औषधं विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये. साध्या अँटिबायोटिकनं गोळीचा असर जात नाही. पण टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर माला-एन आणि आपत्कालीन गोळी, दोन्हींचा असर उतरतो. टीबीचे उपचार आणि कुटुंब नियोजन वेगवेगळ्या ठिकाणी होतात, म्हणून हे नेमकं निसटतं. अशा बाईला अंतरा चालतं. गर्भाशयाचा टीबी नसेल तर कॉपर टीही.

गर्भपाताचं किट ही वेगळी गोष्ट आहे. ते नऊ आठवड्यांपर्यंतच, तेही मान्यताप्राप्त डॉक्टरच्या देखरेखीखाली. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर किटनं तो पडत नाही. नळी फुटून जीव जाऊ शकतो.

यातलं कुठलंच साधन संसर्ग थांबवत नाही, ते काम निरोधचंच. लघवीच्या जागी जखम किंवा पू दिसला तर जोडीदारालाही औषध द्यावं, नाहीतर आजार परत येतो. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. रुग्णाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवावं.

हे सगळं विचारायचं तर आडोसा हवा. बाकड्यावर शेजारीपाजारी बसलेले असताना कंपाउंडरनं ‘काय होतंय?’ विचारलं की बाई ‘अंग दुखतंय’ म्हणते. ‘लग्न झालंय का?’ हा पहिला प्रश्नही नको. ‘सध्या काय वापरता?’ एवढं पुरतं. गर्भपाताच्या कायद्यातही २०२१ च्या दुरुस्तीनं साधन निकामी ठरल्याच्या कारणात ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ आला आहे.

दोन्ही महापालिकांनी आपल्या आरोग्य केंद्रांतला माला-एन, छाया आणि निरोधचा साठा खासगी दवाखान्यांनाही वाटपासाठी द्यावा, ही विनंती.

– एक फॅमिली डॉक्टर, कोपरखैरणे